सोयाबीनचं रायझोबियम गुळाच्या ड्रममध्ये वाढवायचं की बाटलीतून थेट लावायचं?

तिफण | २८ मे, रात्री ८:४०

पेरणी तोंडावर आली की एक कृती हमखास फिरायला लागते. द्रवरूप रायझोबियमची (मुळावर गाठी करून हवेतलं नत्र पिकाला देणाऱ्या जिवाणूंची) १ लिटरची बाटली, २ किलो गूळ, २०० लिटरचा ड्रम. चार दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळायचं आणि त्या पाण्यानं बियाणं ओलवायचं, नाहीतर ओळीत आळवणी करायची. एका बाटलीत पंधरा एकर, असा हिशेब. जीवामृत वाढतं तर हे का वाढणार नाही, हा त्यामागचा तर्क.

सोयाबीनपुरतं विचारतोय. यात जिवाणू खरंच वाढतात का? नसतील वाढत तर बाटली थेट कशी लावायची, बुरशीनाशक आणि कीटकनाशकासकट, ते कुणी आकड्यांनिशी लिहील का?

सूक्ष्मदर्शी | २८ मे, रात्री ९:२५

तिफणराव, ड्रममध्ये जिवाणू भरपूर वाढतात. फक्त ते बाटलीतले नसतात.

सोयाबीनच्या मुळावर गाठी करतो तो ब्रॅडीरायझोबियम जपोनिकम. नावातलं 'ब्रॅडी' म्हणजेच मंद. एकाचे दोन व्हायला त्याला सहा ते आठ तास लागतात, तेही २८ अंश तापमान, मॅनिटॉल आणि यीस्टचा अर्क असं पथ्याचं खाणं दिलं तर. प्रयोगशाळेतल्या बशीत लावला की वसाहत डोळ्यांना दिसायला पाच-सात दिवस जातात. पाण्यातले, हवेतले, ड्रमच्या कडेला चिकटलेले इतर जिवाणू अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होतात. शर्यत कोण जिंकणार ते उघड आहे.

त्यात गूळ. गूळ म्हणजे बहुतेक सगळं सुक्रोज, आणि मंद वाढणाऱ्या रायझोबियमला सुक्रोज वापरता येत नाही. ताट वाढलं यीस्टला, पाहुणा उपाशी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ड्रमवर फेस येतो, ताडीसारखा आंबूस वास सुटतो आणि लोक खूश होतात की जिवाणू 'चढले'. तो फेस यीस्टच्या वायूचा. तोवर सामू चार-पाचावर उतरलेला असतो, म्हणजे बाटलीतून आलेले होते तेही जायच्या मार्गावर.

आता आकडे. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे द्रवरूप जिवाणू खतात दर मिलीला किमान १० कोटी जिवंत पेशी हव्यात (भुकटीत दर ग्रॅमला ५ कोटी). किलोला १० मिली लावलं तर १०० कोटी पेशी. मध्यम दाण्याच्या सोयाबीनच्या एका किलोत साधारण ८,००० दाणे, म्हणजे दाण्याला सव्वा लाख पेशी. सोयाबीनएवढ्या दाण्याला लाखभर पेशी हव्यात असंच सर्वसाधारण गणित आहे, त्यामुळे शिफारशीत फार वावगं काही नाही. तीच बाटली २०० लिटरमध्ये ओतली की मिलीला ५ लाख उरतात. तेवढंच पाणी लावलं तर दाण्याला सहाशेच्या आसपास. पुढे ड्रममध्ये वाढ होत नाही, घटच होते.

एकराला ३० किलो बियाणं धरलं तर लागतं फक्त ३०० मिली. एवढ्यासाठी ड्रम कशाला?

मोघड | २८ मे, रात्री ९:५१

जीवामृताशी तुलनाच चुकीची आहे. १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, गूळ, बेसन, मूठभर माती: त्यात जे आधीच असतं आणि त्या खाण्यावर पोसतं ते वाढतं. त्याचा उपयोग किती हा वेगळा वाद, इथे नको. पण शेणात सोयाबीनचं रायझोबियम नसतं. मूठभर माती सोयाबीनच्या रानातली असली तर चार-दोन असतील, तेही वर लिहिल्याप्रमाणे मागेच पडणार.

रानजाई | २९ मे, सकाळी ६:३०

पद्धत लिहिते. एका एकराचं, ३० किलो बियाणं धरून.

क्रम कधीच उलटा करायचा नाही: बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू. पहिली दोन कामं पेरणीच्या एक-दोन दिवस आधी उरका. कार्बोक्सिन आणि थायरम एकत्र असलेली भुकटी किलोला ३ ग्रॅम, म्हणजे ९० ग्रॅम, ती १५० मिली पाण्यात कालवून लावायची. खोडमाशीसाठी थायामेथोक्झाम ३० एफ.एस. किलोला १० मिली. ते द्रवच असतं, वेगळं पाणी घालू नका. दोन्हींच्या मध्ये बियाणं सावलीत पातळ पसरून सुकू द्या.

जिवाणू पेरणीच्या दिवशी सकाळीच. रायझोबियम ३०० मिली आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू ३०० मिली एका भांड्यात त्याच वेळी एकत्र करा. पाणी घालायचं नाही. ३० किलो एकदम घेऊ नका, दहा-दहा किलोचे घाणे करा. हाताने फिरवायचा ड्रम असेल तर वीस-पंचवीस फेरे पुरतात. नसेल तर ताडपत्रीवर बियाणं घ्या, द्रावण शिंपडा, दोघांनी चार कोपरे धरून इकडून तिकडे लोटा. हाताने चोळू नका. सोयाबीनचं साल कागदासारखं असतं. ओलं झालं की फुगून सुरकुततं, आणि तशा दाण्याला चोळलं की साल सुटून दोन डाळी वेगळ्या होतात. मग 'जिवाणू लावल्यानं उगवण कमी झाली' अशी ओरड. जिवाणू बिचारे नामानिराळे, मारतं ते पाणी आणि हात.

म्हणूनच भुकटीच्या पाकिटाची जुनी कृती (१ लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून गार करायचा, त्यात २५० ग्रॅमचं पाकीट कालवून १० किलोला लावायचं) तूर-हरभऱ्याला चालते, पण सोयाबीनला ते सगळं लिटरभर द्रावण ओतू नये. दाण्याला भुकटी चिकटेल इतपतच, १० किलोला १०० मिलीच्या आत. इथे गूळ फक्त डिंकासारखा आहे, खाऊ म्हणून नाही.

लावलं की सावलीत अर्धा तास, हाताला ओल लागेनाशी होईपर्यंत. उन्हात नाही. रायझोबियमला बीजाणू करता येत नाहीत, कोरडं पडलं की तासागणिक संख्या पडत जाते. सकाळी लावलेलं दुपारपर्यंत जमिनीत जायला हवं. पावसानं खोळंबा होऊन पेरणी दुसऱ्या दिवसावर गेली तर जिवाणू पुन्हा लावा. बुरशीनाशक मात्र पुन्हा नाही.

तिफण | २९ मे, सकाळी ७:१०

ताई, कंपनीचं बियाणं लाल रंग लावून प्रक्रिया केलेलंच येतं. त्यावर काय?

रानजाई | २९ मे, सकाळी ७:४८

पिशवीवर कोणतं औषध लावलंय ते छापलेलं असतं, आधी ते वाचा. पुन्हा बुरशीनाशक नको, जिवाणू वरून लावा, पण पेरणीच्या अगदी आधी आणि मात्रा दुप्पट. थायरमसारखी औषधं जिवाणूंना थोडाफार त्रास देतातच, संपर्काचा वेळ कमी ठेवणं एवढंच आपल्या हातात. ताम्रयुक्त काही लावलेलं असेल तर बियाण्यावर लावूच नका. १ लिटर रायझोबियम चाळलेल्या ओलसर शेणखतात, ५० किलोत, मिसळून ओळीत द्या. खत कुजलेलं आणि थंड हवं. हात घातल्यावर गरम लागलं तर त्यात जिवाणू शिजतील.

चाडं | २९ मे, सकाळी ९:०५

पेरणीच्या वेळी बिघडतं ते मी सांगतो.

ओलसर बियाणं पेटीत टाकलं की चकतीच्या भोकात अडकतं आणि ओळीत हातभर लांबीचे तुटाळे पडतात. भुकटी जास्त झाली तर नळीत थर धरते. पेटी भरायच्या आधी मूठ दाबून बघायची, दाणे मोकळे सांडले पाहिजेत. एक पेटी संपली की चकती काढून फडक्यानं पुसायची, दोन मिनिटांचं काम.

दुसरं, एकाच चाड्यात डीएपी आणि बियाणं मिसळून पेरणं. खताचा दाणा ओल ओढतो, त्याभोवतीच्या क्षारात जिवाणू टिकत नाहीत. खत वेगळ्या नळीनं, बियाण्याच्या बाजूला आणि दोन-अडीच इंच खाली.

तिसरं, बाटली कुठे ठेवता? पत्र्याच्या शेडमध्ये, फवारणीच्या औषधांशेजारी, मे महिन्यात? दुपारी त्या कपाटात हात ठेववत नाही. माठाजवळची गार जागा बरी. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवायचं नाही.

चुनखडी | २९ मे, दुपारी १:२०

रायझोबियमबद्दल सगळं मान्य. पण रानजाईताईंनी स्फुरदवाले जिवाणू सहज जोडून टाकले, तिथे थोडं थांबूया.

हे जिवाणू (बॅसिलस मेगाटेरियम वगैरे) सेंद्रिय आम्लं सोडतात आणि अडकलेलं स्फुरद सुटं करतात, हे बशीत छान दिसतं. पांढुरक्या माध्यमात वसाहतीभोवती स्वच्छ कडं उमटतं. प्रयोगशाळेतली मान्यताच मुळी त्या कड्यावर आहे, ५ मिमी तरी हवं. पण सामू ८ च्या वर असलेल्या, नांगराच्या तासाला पांढरे खडे वर येणाऱ्या चोपण-भारी रानात आम्ल सुटलं रे सुटलं की चुनखडी ते मारून टाकते. मुळाला चिकटून जे घडतं तेवढंच काय ते. शिवाय हे जिवाणू स्फुरद तयार करत नाहीत, आहे तेच हलवतात. 'हे लावा आणि डीएपी बंद करा' हा सल्ला ज्याच्या मातीत साठाच नाही त्याला बुडवणारा आहे.

पालाशवाले जिवाणू तर आपल्या काळ्या जमिनीत बहुतेक वेळा गरजेचेच नसतात, तिथे पालाश मुळातच चांगला असतो. माती परीक्षणाचा कागद बघा, मग खिशात हात घाला.

सूक्ष्मदर्शी | २९ मे, दुपारी २:४५

चुनखडी, आम्लाचा मुद्दा बरोबर. पण त्यांचं काम आम्लावरच संपत नाही. फॉस्फटेज विकरानं सेंद्रिय पदार्थातलं स्फुरद सुटतं, त्याला चुना आडवा येत नाही. म्हणून जिथे शेणखत, काडीकचरा पडतो तिथे त्यांचा गुण दिसतो, उघड्या बोडक्या रानात नाही. काही जाती मुळं फुटायला मदत करणारी संप्रेरकंही सोडतात. खताची मात्रा एकदम बंद करू नये, यावर मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

मोघड | २९ मे, दुपारी ३:३०

यावर एक वाकडा प्रश्न. ज्या रानात वीस वर्षं सोयाबीन आहे तिथे मातीत रायझोबियम आधीच असतं. मग दरवर्षी लावायचं कशाला?

सूक्ष्मदर्शी | २९ मे, सायंकाळी ५:१५

रास्त प्रश्न. अशा रानात फरक कमी दिसतो, कधी दिसतच नाही, हे खरं आहे. स्थानिक जिवाणू रुळलेले असतात आणि गाठीची जागा तेच आधी पटकावतात. पण रुळलेला म्हणजे कामसू असं नाही. गाठी करून फुकट बसून खाणारेही त्यात असतात. शिवाय एप्रिल-मेच्या उन्हात वरच्या चार बोटांतली संख्या बरीच घसरते, आणि कोवळं मूळ पहिल्यांदा तिथूनच जातं.

जिथे लावायलाच हवं अशा जागा: सोयाबीन पहिल्यांदा येणारं रान, चार-पाच वर्षांच्या खंडानंतरचं रान, उसाच्या किंवा भाताच्या मागचं रान, आणि कोकणासारखी आम्लधर्मी जांभी माती. बाकी ठिकाणी ३०० मिलीच्या खर्चाकडे बघून ठरवा. १० क्विंटल सोयाबीनच्या दाण्यातच ६० किलोच्या पुढे नत्र जातं. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात २०.७ किलो नत्र असतं. म्हणजे तीन पोत्यांचं काम मुळावर चाललेलं असतं.

आणि म्हणूनच सोयाबीनला वरून युरिया फेकू नका. मातीत आयतं नत्र मिळालं की झाड गाठींना साखर पुरवणं कमी करतं. पेरणीबरोबरची शिफारशीतली थोडी मात्रा पुरते.

उसाचाफड | ३० मे, सकाळी ८:००

धाग्याला फाटा फोडतोय, माफी. उसाच्या अ‍ॅसिटोबॅक्टरलाही (उसाला नत्र देणारा जिवाणू) ड्रमचं हेच लागू का? त्याला तर साखर आवडते असं वाचलंय.

सूक्ष्मदर्शी | ३० मे, सकाळी ९:३५

आवडते, अगदी खरं. १९८८ मध्ये ब्राझीलमध्ये उसातूनच तो पहिल्यांदा नोंदवला गेला. १० टक्के साखर आणि साडेपाचचा सामू अशा ठिकाणी तो सुखानं वाढतो, कारण उसाच्या आत तेच वातावरण असतं. पण यीस्टलाही नेमकं तेच आवडतं, आणि उघड्या ड्रममध्ये यीस्ट पुढे जातं. तेव्हा उत्तर तेच.

लागणीला शिफारस अशी: आधी १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम, टिपऱ्या १०-१५ मिनिटं बुडवायच्या. काढून निथळू द्यायच्या. मग वेगळ्या टाकीत १०० लिटर पाण्यात अ‍ॅसिटोबॅक्टर १० किलो आणि स्फुरदवाले १.२५ किलो, त्यात ३० मिनिटं. हे हेक्टरचं प्रमाण आहे, एकराला त्याच्या दोन पंचमांश. दोन्ही एकाच टाकीत उरकू नका, तिथेच सगळे घोळ होतात. टाकी आधी बुरशीनाशकाला वापरली असेल तर विसळून घ्या. राहुरी कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत यामुळे नत्र निम्म्यानं आणि स्फुरद पाव भागानं कमी करता येतं असं आहे, पण पहिल्या वर्षी चार सऱ्यांवर बघून मगच पूर्ण रानात.

रानजाई | ३० मे, सकाळी १०:२०

परत सोयाबीनवर. गाठी बघायच्या कशा, हे कुणी लिहिलं नाही.

पस्तीस ते पंचेचाळीस दिवसांत, फुलं लागताना. झाड उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात आणि 'गाठीच नाहीत' असा निष्कर्ष निघतो. खुरप्यानं वीतभर घेराचा ढेकूळ काढा, बादलीत दहा मिनिटं भिजवा, माती आपोआप सुटेल. रानाच्या पाच ठिकाणची झाडं बघा, बांधाकडेची सोडून.

बियाण्यावर लावलेले जिवाणू मुख्य मुळावर, वरच्या दोन-तीन इंचात घोस करतात. बाजूच्या बारीक मुळांवर लांबलांब विखुरलेल्या गाठी बहुधा मातीतल्या स्थानिकांच्या. नखानं गाठ चिरा. आत गुलाबी-लाल, मांसासारखा रंग असेल तर काम चालू आहे. पांढरी असेल तर एकतर कोवळी नाहीतर निकामी. हिरवट-करडी म्हणजे काम संपलेली; रानात पाणी साचून मुळांना हवा मिळाली नाही की ती भर फुलोऱ्यातही अशीच होते. झाडाला दहा-बारा लाल गाठी असतील तर निश्चिंत राहा.

तिफण | ३० मे, सकाळी ११:०२

आणि विसाव्या दिवशी रान पिवळं पडलं तर जिवाणू फेल गेले समजायचं?

चुनखडी | ३० मे, सकाळी ११:४०

नाही. तेव्हा गाठी जेमतेम धरत असतात. कोणती पानं पिवळी ते बघा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या, तर लोह कमी. चुनखडीच्या रानात पावसाची झड लागली की हमखास. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि २५ ग्रॅम चुन्याची निवळी, आठवड्यानं पुन्हा. खालची जुनी पानं आधी फिकट, तर नत्र कमी. तेव्हा गाठी बघा.

मोघड | ३० मे, दुपारी १२:३०

बाटली जिवंत आहे की नाही हे घरी कळतं का? रंग-वासावरून काही सांगता येतं?

सूक्ष्मदर्शी | ३० मे, दुपारी ३:१०

बाटली फुगलेली, झाकण उघडताना फुस्स आवाज, आंबट वास: परत करा. पण वास चांगला म्हणजे जिवाणू जिवंत, असं नाही. लेबलवर पिकाचं नाव, जिवाणूचं नाव, घाण्याचा क्रमांक, उत्पादन आणि मुदत या तारखा नसतील तर घेऊच नका. संख्या मोजायचं काम प्रयोगशाळेचं. शंका असेल तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे बिलासह तक्रार द्या, नमुना तेच काढतात.

घरी करता येतो तो कुंडीचा प्रयोग. महिना लागतो, म्हणून एप्रिलच्या शेवटी. नदीची वाळू पाणी निवळ येईपर्यंत धुवा, फडक्यात बांधून कुकरमध्ये तासभर वाफवा. दोन नव्या मातीच्या कुंड्या उकळत्या पाण्यानं धुऊन भरा. बियाणं औषध न लावलेलं, प्रत्येकी पाच दाणे. आधी जिवाणू न लावलेली कुंडी पेरा, मग लावलेली, नाहीतर हातानंच जिवाणू पोचतात. पाणी उकळून गार केलेलं. दहाव्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा लिटरला अर्धा ग्रॅम ००:५२:३४ (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशचं विद्राव्य खत) आणि पाव ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. नत्र अजिबात नाही. कुंड्या हातभर अंतरावर आणि दुपारच्या सावलीत, वाळू तापली की गाठी धरत नाहीत.

तिसाव्या दिवशी दोन्ही बादलीत सोडवा. लावलेल्या कुंडीत गाठी आणि दुसरीत शून्य, तर माल चांगला. दोन्हीत शून्य, तर बाटली मेलेली किंवा भलत्या पिकाची. दोन्हीत गाठी आल्या तर वाळू नीट वाफवली गेली नाही. प्रयोग रद्द, बाटलीबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

तिफण | ३० मे, रात्री ८:१५

सगळ्यांचे आभार, ड्रम रद्द. शेवटची शंका: लिटरच्या बाटलीतलं उरलेलं रब्बीत हरभऱ्याला चालेल?

रानजाई | ३० मे, रात्री ८:५०

नाही. हरभऱ्याचं मेझोरायझोबियम वेगळं, सोयाबीनचं त्याला गाठ करत नाही. तुरीचं आणखी वेगळं. हरभऱ्याच्या गाठीही बघा, सोयाबीनसारख्या गोल नसतात, फाटे फुटलेल्या असतात. बाटली पिकाचं नाव वाचूनच घ्यायची.

शेजारच्याचीही पेरणी त्याच दिवशी असेल तर लिटर तीन एकरांत वाटून टाका. नाहीतर उरलेलं उकिरड्यावर ओता. बिघडत नाही, उपयोगही नाही.